बोली, बंदूक आणि पंचेचाळीस दिवस

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात नागपूरची एक तलवार विक्रीला निघाली. पाते युरोपात घडवलेले, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीने मढवलेली. आणि पात्यावर देवनागरीत सोन्याने लिहिलेले रघूजी भोसल्यांचे नाव व 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब. छत्रपती शाहूंनी दिलेला हा किताब मिरवत पहिल्या रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ मध्ये तिथल्या नवाब अलिवर्दी खानाकडून वर्षाला बारा लाखांची चौथाई मान्य करून घेतली. अशा माणसाच्या नावाची तलवार लिलावात आहे, हे राज्य सरकारला कळले ते लिलावाच्या आदल्या दिवशी. धावपळ झाली, एका मध्यस्थामार्फत बोली लावली गेली आणि ती जिंकलीही. वाहतूक व विमा धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. ११ ऑगस्टला सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये तलवारीचा ताबा घेतला आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली.

या बातमीने विदर्भातल्या किती घरांत आनंद झाला असेल हे सांगायला नको. पण मला तिच्यातली दुसरीच एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. एका दिवसात निर्णय झाला आणि मध्यस्थाच्या नावावर काम भागले. मध्यस्थामागचा खरेदीदार कोण आहे, त्याला तलवार कशाला हवी, हे इतर बोली लावणाऱ्यांना कळायचे कारण नव्हते. पैसे देण्याची ऐपत एवढीच त्या बोलीची अट होती. लिलाव असाच असतो. वेग आणि निनावीपणा हे त्याचे दोन प्राण. घड्याळ संपायच्या आत ज्याचा आकडा मोठा, त्याची वस्तू.

आता तलवारीच्या जागी चालू स्थितीतली बारा बोरची दुनळी बंदूक धरा. विकणारा नागपूरच्या धरमपेठेतला, घेणारा उमरेडचा. दोघांकडे रीतसर परवाने आहेत, दोघांत किंमतही ठरली आहे. तरीही आपला कायदा या दोघांना किमान पंचेचाळीस दिवस थांबवतो, आणि निनावी तर एक क्षणही राहू देत नाही. भारतात बंदुकांचा खुला ऑनलाइन लिलाव उभा राहिलेला नाही, त्याचे मूळ कारण या दोन गोष्टींत आहे. हे कारण नीट समजून घेतले, तर आजोबांची बंदूक कपाटात ठेवून बसलेल्या कितीतरी कुटुंबांची अडचणही कळते.

जिथे असा बाजार आहे, तो देश आधी पाहू. अमेरिकेत इंटरनेटवरचे लिलाव रुजू लागले तेव्हा सुरुवातीला जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि नाण्यांच्या रांगेत बंदुकाही विकल्या जात. १९९९ मध्ये ईबे या सर्वांत मोठ्या लिलावस्थळाने त्यांची विक्री बंद केली. त्याच वर्षी फक्त बंदुका आणि त्यांच्या सामानासाठी गनब्रोकर नावाचे स्थळ सुरू झाले आणि पुढे त्या देशातला सर्वांत मोठा असा बाजार ठरले. तिथली रीत बाहेरून कुठल्याही लिलावासारखी असते. विकणारा फोटो टाकतो, सुरुवातीची किंमत लिहितो, ठरलेल्या मुदतीत बोल्या चढतात, शेवटचा आकडा लावणारा जिंकतो. पण जिंकलेली बंदूक त्याच्या दारात येत नाही. परराज्यातला विक्रेता ती खरेदीदाराच्या गावातल्या एखाद्या परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवतो. खरेदीदाराने तिथे स्वतः जायचे, ओळखपत्र दाखवायचे, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. त्यात गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, अमली पदार्थांचे व्यसन आहे का, कौटुंबिक हिंसेचा आदेश आहे का, असे प्रश्न असतात. मग दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय तपासणी यंत्रणेकडे नाव पाठवतो, आणि तिथून होकार आला की बंदूक हातात मिळते. म्हणजे इंटरनेटवर फक्त किंमत ठरते. व्यवहार पूर्ण होतो तो एका जबाबदार माणसाच्या दुकानात, समोरासमोर.

ही दुकानाची अट अशीच आलेली नाही. मार्च १९६३ मध्ये शिकागोतल्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाकडे टपालाने एक ऑर्डर आली. मासिकातल्या जाहिरातीचे कूपन, सोबत मनीऑर्डर, आणि 'हिडेल' असे खोटे नाव. दुर्बीण लावलेली ती इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल १९ डॉलर ९५ सेंटला होती. दुकानाने ती टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवून दिली. नोव्हेंबरमध्ये डॅलसला अध्यक्ष केनेडींचा खून झाला, आणि ती रायफल ली हार्वे ऑस्वाल्डने मागवलेली होती हे तपासात निघाले. पाच वर्षांनी, १९६८ च्या कायद्याने, सामान्य माणसाला परराज्यातून टपालाने बंदूक मागवणे बंद झाले. आजच्या ऑनलाइन लिलावातला दुकानदार हा त्या कायद्याने मध्ये उभा केलेला माणूस आहे.

तरी एक फट राहिलीच. एकाच राज्यातल्या दोन खाजगी व्यक्तींनी आपसात बंदूक विकली, तर अनेक राज्यांत कसलीही तपासणी लागत नाही. इंटरनेटवरच्या छोट्या जाहिराती या फटीतून वाहू लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रुकफील्ड गावी एका माणसाने पत्नीसह तीन स्त्रियांना गोळ्या घालून ठार केले. पत्नीने मिळवलेल्या न्यायालयीन आदेशामुळे त्याला बंदूक बाळगायला मनाई होती. दुकानात गेला असता तर त्याचे नाव अडले असते. म्हणून त्याने ऑनलाइन जाहिरातीतून खाजगी विक्रेता शोधला, त्याला गाठले आणि रोख पैसे देऊन पिस्तूल घेतले. ठार झालेल्या पत्नीच्या मुलीने त्या जाहिरातस्थळावर दावा लावला. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळ जबाबदार धरता येत नाही. हे प्रकरण वाचताना माझा जीव तुटतो. आदेश होता, यंत्रणा होती, यादीत नाव होते. फक्त त्या नावाला कुणी विचारणारा वाटेत भेटला नाही.

आता आपल्याकडे येऊ. शस्त्र आणि लिलाव या दोन्ही गोष्टींशी नागपूरचे नाते जुने आणि कडू आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज भिडले. दुसऱ्या दिवशी इंग्रजांची सरशी झाली, १६ डिसेंबरच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसल्यांचा तोफखाना गेला, आणि राज्य नावापुरते उरले. रघूजींची ती तलवार याच काळातल्या लुटीत देशाबाहेर गेली असावी, असा सरकारचा कयास आहे. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले.

त्यानंतर जे घडले ते शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. कंपनी सरकारने भोसल्यांची खाजगी मालमत्ताही विकायला काढली. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला जाहीर लिलावात कवडीमोल गेले. जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच हे लिहून ठेवले आहे. राजवाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे राजघराण्यातल्या वृद्ध बांकाबाईंनी बजावल्याचेही तो सांगतो. सामान हललेच. जडजवाहीर कलकत्त्याला गेले आणि १८५५ मध्ये हॅमिल्टन आणि कंपनीने त्याच्या विक्रीची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. ज्या गावाने आपल्या राजघराण्याची अशी विक्री पाहिली, त्या गावातल्या माणसाला लिलाव म्हणजे केवळ किमतीचा खेळ वाटणे अवघड आहे.

मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले, आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. याचा सल देशभर होता, पण त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते नागपूर. १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी इथे शस्त्रसत्याग्रह केला. बंगालमधल्या स्थानबद्धांची सुटका करा, ही मागणी घेऊन स्वयंसेवक उघड उघड तलवारी हातात घेऊन मिरवणुकीने निघत आणि कायदा मोडत. गांधीजींना हे पटले नाही. हाती शस्त्र आणि तोंडी सत्याग्रह हे जुळत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. आवारींना तुरुंगवास झाला, तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केले, आणि लोक त्यांना जनरल आवारी म्हणू लागले. नागपूरकरांनी हा वारसा विसरू नये असे मला मनापासून वाटते. गांधीजींचा आक्षेपही त्याच वारशाचा भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला. त्याने वंशभेद काढला, पण मूळ भूमिका ठेवली: शस्त्र बाळगणे हा जन्मसिद्ध हक्क नाही, ती सरकारने माणूस पारखून दिलेली परवानगी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले, की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या संविधानाने दिलेला नाही. या एका फरकातून पुढचे सगळे नियम निघतात.

नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, हद्दीबाहेर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय एकवीस पूर्ण लागते. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसाठ्यात स्वतःचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, पण एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहतील असेही ठरवले. ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते वर्षभरात जमा करावे लागले. त्यामुळे जुन्या बंदुकांच्या बाजारात विकणारे वाढले आणि घेऊ शकणारे कमी झाले, कारण घेणाऱ्याच्याही परवान्यावर जागा रिकामी हवी.

विक्रीचे सूत्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये आहे. विक्रीचा धंदा करायचा असेल तर वेगळा परवाना हवा. विकणेच नाही, विक्रीसाठी मांडणे, देऊ करणे हेही त्यात येते. स्वतःच्या वापरासाठी रीतसर बाळगलेले हत्यार विकण्यापुरती मात्र खाजगी माणसाला मोकळीक आहे, आणि तीही कायद्याने ते बाळगू शकणाऱ्यालाच. त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचे: मी अमुक हत्यार अमुक नाव-पत्त्याच्या माणसाला विकणार आहे. त्यानंतर पंचेचाळीस दिवस जायला हवेत. मग व्यवहार, मग विकणाऱ्याच्या परवान्यावरून नोंद कमी, घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद जमा. हे सगळे स्वतः करणे जड जाते म्हणून बहुतेक लोक गन हाऊसवाल्याकडे जातात. त्याच्या रजिस्टरात हत्यार उतरवले जाते, तोच गिऱ्हाईक शोधतो, कागद पुरे करतो.

हा पंचेचाळीस दिवसांचा काळ पुष्कळांना निव्वळ सरकारी दिरंगाई वाटतो. मला तसे वाटत नाही. त्या काळात पोलिसांना घेणाऱ्याचे नाव तपासता येते. अधूनमधून एखादा तापलेला माणूस थंडही होतो. ब्रुकफील्डच्या त्या खुन्याला पंचेचाळीस दिवस थांबावे लागले असते, तर तीन स्त्रियांना तेवढे दिवस तरी मिळाले असते. पोलीस ठाण्यातल्या एका साध्या अर्जाची किंमत अशी मोजायला हवी.

पण या बंदुका आहेत कुणाकडे? विदर्भात हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे. जुन्या मध्य प्रांतातल्या मालगुजारांच्या वाड्यांत दोन-तीन बंदुका असणे स्वाभाविक होते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या कडेला रानडुकरे आणि रोही पिकात शिरत, म्हणून पीकसंरक्षणासाठी परवाने मिळत. नागपूर हे शिकारीच्या मोहिमा निघण्याचे ठिकाण होते. देशी-परदेशी शिकारी इथूनच जंगलात उतरत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि शिकारीचे दिवस संपले. बंदुका मात्र राहिल्या. कुणाच्या घरी इंग्रजी बनावटीची दुनळी, कुणाकडे जबलपूरकडच्या एखाद्या दुकानातून घेतलेली एकनळी, कुणाकडे जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर. दसऱ्याला पूजा होते, निवडणूक आली की अनेकांना ती ठाण्यात नेऊन ठेवायला सांगतात, निकालानंतर परत आणायची.

यातल्या परदेशी हत्यारांची किंमत त्यांच्या वयाच्या मानाने चक्रावून टाकणारी असते. गेली सुमारे चार दशके सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणता येत नाही. देशात तयार होणाऱ्या हत्यारांची निवड थोडी, कानपूरचे ०.३२ रिव्हॉल्व्हर किंवा इशापूरची ०.३१५ रायफल असे ठरलेले नमुने. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे सर्वांच्या ओळखीची. नागपूरच्याच अंबाझरीला मोठा आयुधनिर्माणी कारखाना आहे, पण तो सैन्यासाठी तोफगोळ्यांची कवचे घडवतो. त्याचा या बाजाराशी संबंध नाही. तेव्हा बंदीपूर्वी आलेले चांगले रिव्हॉल्व्हर जितके उरले तितकेच आहे. साध्या देशी बारा बोरला मात्र भाव नाही. ती फुकटही घ्यायला लोक कचरतात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची तोड्याची किंवा चकमकीची बंदूक असेल तर प्रकरण थोडे निराळे. जे हत्यार कालबाह्य घाटाचे किंवा पुरातन मोलाचे आहे आणि दुरुस्त करूनही उडवता येणार नाही, त्याला अधिनियमाचे कलम ४५ मोकळीक देते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने, ठरलेल्या व्याख्येत बसणाऱ्या जुन्या संग्राह्य हत्यारांना नुसते बाळगण्यासाठी परवाना लागणार नाही असे जाहीर केले. वापरायचे, नेआण करायची तर परवाना हवाच, आणि त्याशिवाय त्यासाठी काडतूसही मिळणार नाही. दुसरीकडे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. नागपूरच्या वाड्यातली एखादी भरमार बंदूक परदेशी लिलावगृहाच्या संकेतस्थळावर टाकून डॉलर मिळवण्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर त्याने हे आधी वाचावे.

बाहेर पोचलेल्या भारतीय हत्यारांना मात्र तिथे मोठी मागणी आहे. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कशायरात एका घराच्या माळ्यावर सापडलेली टिपू सुलतानाची चांदीने मढवलेली चकमकीची बंदूक ६० हजार पौंडांना गेली. मे २०२३ मध्ये टिपूच्या शयनकक्षातली तलवार बोनहॅम्सच्या लिलावात एक कोटी चाळीस लाख पौंडांवर पोचली. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने टिपूसाठी १७९३-९४ च्या सुमारास बनवलेल्या एका सोनेरी शिकारी बंदुकीला देशाबाहेर नेण्यास तात्पुरती मनाई केली, कुणी ब्रिटिश संस्था वीस लाख पौंड देऊन ती घेते का हे पाहण्यासाठी. टिपूच्या श्रीरंगपट्टणची बंदूक इंग्लंडबाहेर जाऊ नये म्हणून कायदा उभा राहतो, हे वाचून कुणाही भारतीयाला वेदना होईल. पण त्यातून शिकण्यासारखेही आहे. मोलाची वस्तू देशाबाहेर निघाली की देशाला श्वास घ्यायला अवधी देणारा नियम त्यांच्याकडे आहे.

आता इंटरनेटच्या काळ्या बाजूकडे. भारतात परवान्याशिवाय ऑनलाइन घेता येणारी बंदूक जवळपास एकच: छऱ्याची एअर गन, तीही ०.१७७ इंच व्यासाची आणि वीस जूलपेक्षा कमी ताकदीची. याखेरीज समाजमाध्यमांवर जे पिस्तुलांचे फोटो आणि 'घरपोच, पैसे आधी' अशा जाहिराती दिसतात, त्या दोनपैकी एक असतात. एक तर शुद्ध फसवणूक: आगाऊ रक्कम गेली की विक्रेता गायब, आणि तक्रार करायला गेलेल्या माणसाला आपण काय विकत घेत होतो हे आधी सांगावे लागते. किंवा खरोखरीचा देशी कट्टा. फेसबुकने खाजगी बंदूकविक्रीवर जानेवारी २०१६ मध्येच बंदी घातली, पण असे गट नाव बदलून पुन्हा उगवतात. तलवारींचेही तसेच. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंचा साठा पकडला, तेव्हा ही हत्यारे कुरिअरच्या खोक्यातून सरळ तरुणांच्या घरी पोचत होती हे राज्याला कळले.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी शिक्षेचे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. परवान्याशिवाय साधी बंदूक बाळगली तर २०१९ नंतर किमान दोन वर्षे, कमाल पाच. बेकायदा बनवणे किंवा विकणे यासाठी किमान सात वर्षे, आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. मोबाईलवरून केलेल्या एका पैसे पाठवण्याच्या नोंदीवर खटला उभा राहू शकतो. इंस्टाग्रामवर कट्टा हातात घेऊन फोटो टाकणारी मुले दर काही महिन्यांनी नागपूर पोलिसांच्या हाती लागतात. त्यांच्या आयांचे चेहरे आठवले की या विषयावर सौम्य लिहिणे मला जमत नाही.

कायद्याच्या वाटेने जाणाऱ्यांचीही मात्र परवड होते, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. परवानाधारक वारला की घरातली बंदूक त्या दिवसापासून विनापरवाना होते. कलम २१ सांगते की ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. जमा केल्यावरही मालकी वारसाचीच असते. तो स्वतःच्या नावे परवाना काढून ती परत घेऊ शकतो, किंवा लायक माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही तर ती सरकारजमा होते. वर्धा किंवा काटोलकडच्या एखाद्या घरी नवऱ्याचे दिवस झाले आहेत, मुले पुण्याला किंवा परदेशात, आणि आईला हे कलम माहीत नाही. तिला कोणीतरी सांगते, बाई, घरात ठेवू नका, गुन्हा होतो. ती घाबरून पहिल्या भेटेल त्याला, तो देईल त्या किमतीला बंदूक देऊन टाकते. बंदुकीची खरी किंमत तिला कधी कळतच नाही, कारण ती कळण्याची जागाच नाही.

याला एक सोपा उपाय नियमांतच आहे आणि तो फार थोडे जण वापरतात. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच एका वारसाचे नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो, अर्थात दोन हत्यारांच्या मर्यादेत आणि पात्रतेच्या अटी पाळून. आजोबांनी हे वेळेवर केले तर पुढची धावपळ वाचते. नातवाला बंदूक नकोच असेल तर तेही तेव्हाच ठरवता येते, आणि विक्रीची सूचना शांतपणे देता येते.

दुसरा उपाय सरकारच्या हाती आहे. देशातल्या परवान्यांची नोंद आता एका राष्ट्रीय माहितीसाठ्यात आहे. कोणाकडे कोणते हत्यार आहे आणि कोणाच्या परवान्यावर जागा रिकामी आहे, हे सरकारला ठाऊक आहे. त्याच साठ्यात विकण्याची इच्छा नोंदवण्याची सोय व्हावी. ती फक्त परवानाधारकांना आणि परवानाधारक विक्रेत्यांना दिसावी. त्यांनी आपल्या क्रमांकाने बोली लावावी. आणि बोली संपल्यावर जिंकणाऱ्याच्या नावाने सूचना जाऊन पंचेचाळीस दिवस पूर्ण व्हावेत. लिलावाची एकच गोष्ट या बाजाराला हवी आहे, ती म्हणजे सर्वांसमोर ठरलेली किंमत. त्याचा वेग नको, त्याचा निनावीपणा तर मुळीच नको. काटोलकडच्या त्या आईच्या बंदुकीला तिचे मोल मिळेल, घेणाऱ्याचे नाव पहिल्या बोलीपासून पोलिसांपुढे राहील, आणि हत्यार एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या काळात नोंदीबाहेर एक दिवसही राहणार नाही. त्यासाठी नवा अधिनियम लागणार नाही, असे मला वाटते. कलम ५ मधली ती लेखी सूचना कागदाऐवजी या साठ्यात स्वीकारण्याचा नियम केंद्रीय गृहखात्याला करावा लागेल.